कोणीही चालेल, डार्बी सोडून

डेल ओस्टरगार्डला मी तोंडाने कधी शिवी दिली नाही. बावीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेल्या बाईला ते शोभत नाही. मला जे म्हणायचं असायचं ते मी बोटांनी म्हणायचे, आणि ते अख्ख्या मैदानाला कळायचं.

आमचं गाव मिसिसिपीच्या काठावर आणि संघाचं नाव मस्करॅट्स. मस्करॅट म्हणजे नदीकाठी बिळं करून राहणारी घूस. घुशीचं नाव लावणारा संघ जिंकेल अशी आशा धरणं मूर्खपणाचं आहे, पण आम्ही ती दर मोसमात नव्याने धरतो. मी लॉरेटा क्लिंगमन, मैदानावरची ऑर्गनवाली. फलंदाज उभा राहतो त्याच्या बरोबर मागे, छपराखाली एक लाकडी खोली आहे. तिथून सामन्याचं निवेदन करणारा विन्स आणि ऑर्गन वाजवणारी मी असे दोघे सामना बघतो. खाली पाचव्या रांगेत माझा नवरा मर्ल बसतो. त्याच्या मांडीवर धावा मांडायचा कागद असतो आणि गालात सूर्यफुलाच्या बिया.

बेसबॉल काही अवघड नाही. पिचर चेंडू टाकतो, फलंदाज मारतो. पिचरचा हात थकला की त्याच्या जागी राखीव पिचर आणतात. हे राखीव लोक उजव्या कुंपणापाशी जाळीआड बाकावर बसलेले असतात. त्या जागेला जग बुलपेन म्हणतं, आम्ही गोठा म्हणतो. गोठ्यातून कोणाला कधी सोडायचं हे मॅनेजर ठरवतो. मॅनेजरचं खरं काम एवढं एकच. बाकीचा वेळ तो थुंकतो.

तर या एका कामाची आमच्या मॅनेजरला, म्हणजे डेलला, अक्कल नव्हती. चांगला चाललेला पिचर तो काढायचा आणि डार्बी प्रूइटला आणायचा. डार्बीचा चेंडू वेगात जायचा, याबद्दल वाद नाही. कुठे जायचा हे मात्र डार्बीलाही ठाऊक नसायचं. जूनमध्ये त्याने घुशीचा पोशाख घालून नाचणाऱ्या आमच्या माणसाला आडवं केलं, आणि तो माणूस तेव्हा मैदानाबाहेर पॉपकॉर्न घेत होता. तरी दुसऱ्या दिवशी सातव्या डावात डेलने डगआउटच्या, म्हणजे आमचा संघ बसतो त्या मैदानालगतच्या खोलगट खोपीच्या, भिंतीवरचा फोन उचलला, गोठ्यात लावला, आणि डार्बीच आला. पालथ्या घड्यावर पाणी. गाव डेलला फोनवाला म्हणायला लागलं.

मी काय करायचे, तर डेल पिचर काढायला निघाला की प्रेतयात्रेची चाल वाजवायची, त्याच्या पावलांबरोबर. तो थांबला की मी थांबायचे. त्याने पाय उचलला की मी सूर उचलायचे. डार्बी आला की पाळणा वाजवायचे. लोक खूश. जुलैमध्ये मी आणखी पुढे गेले. ऑर्गनच्या अगदी वरच्या दोन पट्ट्यांवर फोनची घंटा वाजवायची युक्ती मला सापडली, आणि ती इतकी हुबेहूब होती की डेलने डगआउटमधला फोन उचलला आणि 'हॅलो?' म्हणाला. एकदा नाही. तीनदा. तिसऱ्या वेळी त्याला पंचाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संघाचा मालक ग्लेन बॉमगार्टन वर आला. गावात त्याचं फर्निचरचं दुकान आहे, त्यामुळे तो प्रत्येक वस्तूकडे ही कितीला जाईल अशा नजरेने बघतो. तसाच त्याने ऑर्गनकडे बघितलं.

"लॉरेटा, डेलने तक्रार केलीय. लेखी."

"त्याला लिहिता येतं?"

"हसू नकोस. आणखी एक तक्रार आली की ऑर्गन विकणार. त्या जागी मशीन बसवायचं. बटण दाबलं की टाळ्या, बटण दाबलं की ढोल. विन्स दाबेल."

विन्सने खिडकीबाहेर बघितलं, जणू त्याला बोटंच नव्हती.

मला हसू आलं नाही. चर्चने मला दोन वर्षांपूर्वी फुलं देऊन घरी पाठवलं. तिथे आता एक दाढीवाला गिटार वाजवतो आणि डोळे मिटून मान हलवतो. माझ्या बोटांना या जगात बसायला तेवढं एकच बाक उरलं होतं. ते गेलं असतं तर मी पाचव्या रांगेत मर्लच्या बियांची टरफलं अंगावर घेत म्हातारी झाले असते. खरं सांगते, मी घाबरले.

ऑगस्टभर मी साधं, सरळ वाजवलं. टाळ्यांचा ठेका, फलंदाज आला की तुतारी, संपलं. डेल गोठ्याला फोन करायचा, डार्बी यायचा, मार खायचा, आणि मी हात मांडीखाली दाबून बसायचे. घरी येऊन उशीत तोंड घालून ओरडायचे. मर्ल काळजीत पडला.

"लॉरेटा, डॉक्टरला दाखवू या का? तू त्याला काहीच बोलत नाहीस."

"मला बोलायचं नाही."

"मी कागदावर लिहितो ना, 'फोनवाला गाढव', त्याखाली सहीला तुझंही नाव घालू का?"

"घाल," मी म्हणाले. तेवढंच समाधान.

एवढ्या सगळ्या डार्बीनंतरही सप्टेंबरमध्ये आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. देवाची करणी. रविवारची दुपार, ऊन, अडीच हजार माणसं, समोर क्लेबर्नचा संघ. आमच्याकडून पिचर एमेट रुल्फ्स. वय छत्तीस. आठवडाभर तो गॅसच्या टाक्यांचा ट्रक चालवतो आणि रविवारी चेंडू टाकतो. त्या दिवशी असा टाकत होता की बघणाऱ्याला आपला खांदा बरा झाल्यासारखं वाटावं. नऊपैकी आठव्या डावात आम्ही तीन, ते दोन. एक बाद; तिघे बाद झाले की डाव संपतो. त्यांचा एक माणूस दुसऱ्या तळावर, म्हणजे धाव पुरी व्हायच्या अर्ध्या वाटेवर.

आणि डेलने फोन उचलला.

लोक कण्हले. अडीच हजार माणसांचं कण्हणं एकदम ऐकलंय का कधी? गुरांच्या बाजारात येतो तसा आवाज येतो. गोठ्यात डार्बी उठला, जाकीट काढलं, हात फिरवायला लागला. डेल डगआउटमधून निघाला, पांढऱ्या रेषेवर पाय पडू नये म्हणून नेहमीसारखी टुणकन उडी मारली, आणि पिचरच्या उंचवट्याकडे चालायला लागला.

"लॉरेटा," विन्स म्हणाला, "हात."

"घेतलेत मांडीखाली."

"पायपण. पायपट्ट्यांवरून काढ."

मी पायही वर घेतले. त्या बाकावर मी अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी दिसत असणार. खाली डेल एमेटशी बोलत होता. एमेटने मान हलवली. डेलने गोठ्याकडे बघितलं. डार्बीने तेवढ्यात एक चेंडू टाकला, तो जाळीवरून पलीकडे, गाड्या लावतात तिकडे गेला. काच फुटल्याचा आवाज आला. डेलने थोडा विचार केला, एमेटच्या पाठीवर थाप मारली, आणि एकटाच परत फिरला.

एकटाच! पिचर जागेवर! मैदानात कोणाला काय करावं कळेना. खाली मर्ल कागद हातात धरून उभा राहिला. या गोष्टीसाठी त्याच्याकडे खूण नव्हती.

एमेटने पुढच्या फलंदाजाला तीन चेंडूंत बाद केलं. तीन. बॅट हवेत आणि चेंडू आत. दोन बाद.

आता माझं ऐका. मला थट्टा करायची नव्हती. माझ्या मनात डेलबद्दल त्या क्षणी जे होतं ते मर्लने मला मागणी घातली तेव्हाही नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने योग्य गोष्ट केली होती, आणि कोणीतरी त्याला तसं सांगायला हवं होतं. मी हात काढले, पाय खाली सोडले, आणि पीक घरात आलं की आमच्या चर्चमध्ये गातात ते आभाराचं स्तोत्र वाजवलं. सगळे सूर उघडून. मनापासून. लोकांनी टोप्या काढल्या. दोन-तीन म्हाताऱ्या गायलाही लागल्या. पण बाकीचे हसत होते. माझ्याकडून त्यांना सवयच तशी लागलेली. अडीच हजार माणसं पोट धरून डगआउटकडे बोट दाखवायला लागली.

डेल बाहेर आला. कानापर्यंत लाल. पण डगआउटपाशी उभं राहून आमच्या खिडकीतलं दिसत नाही, छपराखाली नुसता अंधार दिसतो. तो मैदानात आला, वर बघितलं, दिसेना. मागे सरकला.

"बाई! आता काय चुकलं माझं?"

मी खिडकीतून वाकले. "अरे, कौतुक करतेय!"

"काय?"

"कौतुक!"

"ऐकू येत नाही! आधी ते बंद करा!"

बंद कसं करणार? माझ्या बुटाची नाडी पायपट्टीत अडकली होती. सगळ्यात खालचा सूर घोरत होता. विन्स टेबलाखाली शिरून नाडी ओढत होता.

"काढला तरी वाजवता, ठेवला तरी वाजवता!" डेल ओरडत होता आणि मी नीट दिसावी म्हणून एकेक पाऊल मागे जात होता. "माणसाने करायचं काय?"

"डेल, मागे बघ!" मी ओरडले.

"मी कशाला माघार घेऊ?" तो म्हणाला, आणि आणखी चार पावलं मागे गेला. या वेळी रेषेवरून उडी नाही, काही नाही. थेट पाठीने उंचवट्यावर चढला, टाच अडली, आणि एमेट रुल्फ्सला घेऊन खाली बसला.

नाडी सुटली. सूर थांबला. पंच सावकाश चालत आला आणि दोन बोटं वर केली.

आमच्या खेळात एक नियम आहे. मॅनेजर एका डावात पिचरपाशी एकदा जाऊ शकतो. त्याच डावात दुसऱ्यांदा गेला की त्या पिचरला बाहेर जावंच लागतं. कशासाठी गेला, तोंडाने गेला की पाठीने गेला, ते नियमात नाही.

"मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही!" डेल म्हणाला.

"त्याच्या मांडीवर बसलायस," पंच म्हणाला. "आणखी काय बोलायचं राहिलं?"

एमेटने धूळ झटकली, चेंडू डेलच्या हातात दिला आणि निघाला. जाताना त्याने वर माझ्याकडे बघून टोपी उचलली. रागाने नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आमच्या हातातला मोसम मी माझ्या दोन पायांनी तुडवला होता. मालक ग्लेन तिसऱ्या रांगेतून मान वळवून ऑर्गनकडे बघत होता, आणि त्याच्या ओठांवर आकडे हलताना मला दिसत होते.

तेवढ्यात आमच्या खोलीतला फोन वाजला. नवा पिचर कोण ते डगआउटमधून त्यावर कळवतात, म्हणजे विन्सला जाहीर करता यावं. विन्सने ऐकलं. मग फोन माझ्यापुढे धरला. "तुझ्यासाठी."

"मिसेस क्लिंगमन," डेलचा आवाज.

"डेल, देवाशपथ, मी कौतुक—"

"ते नंतर. पंचाने मला एक मिनिट दिलंय. तीन वर्षं तुम्ही मला वरून शिकवताय. आज एमेटला तुम्ही काढलंत. नवा पिचरही तुम्हीच सांगा. कोण?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. "कोणीही चालेल, डार्बी सोडून!"

"'कोणीही' नावाचा माणूस माझ्याकडे नाही. नाव सांगा."

"ऑस्गुड."

"काल चाळीस चेंडू टाकले त्याने. आज त्याचे केस त्याच्या बायकोने विंचरले."

"क्विन्टाना."

"अंगठ्याचं नख निघालंय. आठवडा झाला. समोरच्यांना कळू नये म्हणून त्याला रोज नुसता उभा करून हात फिरवायला लावतो."

रोज हात फिरवणाऱ्या क्विन्टानाला डेल कधी आणत नाही म्हणून मी आठवडाभर उशीत ओरडत होते.

"मग तो मिशीवाला," मी म्हणाले. माझा आवाज बारीक झाला होता.

"दुर्बीण आहे ना तुमच्याकडे? बघा."

मी बघितलं. मिशीवाल्याच्या एका हातात पोर्क सँडविचचा अर्धा भाग होता. दुसरा अर्धा मिशीत होता.

"दुसरं आहे ते त्याचं," डेल थकल्या आवाजात म्हणाला. "आईला भेटून आल्यापासून असंच चाललंय. वीस सेकंद राहिली, बाई."

मी गोठ्याकडे बघितलं. तिथे चार माणसं. एकाचा हात गेलेला, एकाचं नख गेलेलं, एक जेवत होता. आणि चौथा उभा होता, ताजातवाना, उत्साहात जाळीला लाथा मारत. मला सगळं माहीत होतं असं मी तीन वर्षं समजत होते. खाली डेल भिंतीकडे तोंड करून फोन धरून उभा होता. त्याची पाठ धुळीने पांढरी झाली होती.

"डार्बी," मी म्हणाले.

"काय? ऐकू नाही आलं."

"डार्बी!"

"आभारी आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

विन्सने माझ्याकडे एकदा बघितलं आणि माईकवर जाहीर केलं. अडीच हजार माणसं ओरडायला लागली. निवड माझी, आणि शिव्या डेलला. मर्ल बाकावर चढून कागद फाडत होता. मी काही वाजवलं नाही. पाळणाही नाही, काहीच नाही. मी देवाला म्हणत होते, एकदाच, या पोराच्या हाताला एकदाच डोळे दे.

डार्बीने पहिल्या फलंदाजाला चार चेंडू बाहेर टाकले. त्यातला एक माझ्या खिडकीखाली भिंतीत बसला. फलंदाज फुकट पहिल्या तळावर. पुढच्या फलंदाजासाठी मात्र देवाने माझं ऐकलं. चेंडू बरोबर मधोमध आला, सरळ, सुंदर, एखाद्या पाहुण्यापुढे ठेवावा तसा. तो कुंपणावरून, रस्त्यावरून, नदीत गेला. तळांवरचे दोघे आणि तो, तीन धावा. उरलेल्या वेळात आमच्या फलंदाजांनी बॅटने वारा घातला. पाच-तीन. मोसम संपला.

सोमवारी सकाळी मर्ल मला ओढत कॉफीला घेऊन गेला. कोपऱ्यावरच्या त्या हॉटेलात सगळं गाव जमलं होतं, आणि सगळं गाव डेलला सोलत होतं.

"आंधळ्यालाही कळलं असतं, डार्बीला आणू नये!" मर्ल सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

रात्रभर मला झोप नव्हती. मी कप खाली ठेवला. "डार्बीला मी आणला. डेलने फोन करून विचारलं आणि मी नाव सांगितलं."

मग सगळे असे हसले की वाढणाऱ्या बाईने बशी टाकली.

"हिला धक्का बसलाय," मर्ल म्हणाला आणि माझा हात थोपटला. "गप गं. त्या गाढवाला वाचवायला खोटं कशाला बोलतेस?"

तेवढ्यात डेलच आत आला. लंगडत. तो काउंटरपाशी उभा राहिला, कारण बसणं त्याला जमत नव्हतं, आणि चेरीचा केक मागवला. ग्लेन बॉमगार्टन उठून त्याच्याजवळ गेला.

"डेल, काल तू बाहेर आलास तो ऑर्गनमुळेच ना? एक ओळ लिहून दे. गिऱ्हाईक तयार आहे. संध्याकाळपर्यंत ट्रकमध्ये चढवतो."

डेलने एक घास खाल्ला. "ऑर्गन? छे. मला विचार करायचा होता."

"पाठीने चालत?"

"विचार करताना मी मागे मागे जातो."

"म्हणूनच संघ पुढे जात नाही!" कोणीतरी ओरडलं, आणि हॉटेल पुन्हा हसायला लागलं. वाढणारी बाईसुद्धा.

"आणि डार्बी?" मर्लने विचारलं.

"माझा निर्णय," डेल म्हणाला. त्याने केक संपवला, टोपी घातली, आणि त्या हसण्यातून लंगडत बाहेर गेला.

मी त्याच्या मागे धावले. तो त्याच्या पिकअपच्या दारापाशी होता, कोणत्या बाजूने बसलं तर कमी दुखेल ते बघत होता.

"डेल! खोटं का बोललास? डार्बी मी सांगितला."

"मी विचारलं म्हणून सांगितलात ना?" तो म्हणाला. "अंतिम सामना, दोन बाद, एका धावेची आघाडी, आणि मी फोन उचलून ऑर्गनवाल्या बाईला विचारलं. ते तर मीच ठरवलं."

मी त्यावर विचार केला. कितीही उलटसुलट केला तरी तो बरोबर होता.

"तीन वर्षांतला हा तुझा सगळ्यात गाढव निर्णय आहे," मी म्हणाले.

"मान्य." तो कण्हत आत बसला, एका कुल्ल्यावर. "तिथे खाली फार एकटं वाटतं, मिसेस क्लिंगमन. त्या एका मिनिटात नाही वाटलं."

मला रडू आलं, आणि त्याला दिसू नये म्हणून मी खाली बघितलं. त्याचा एक पाय अजून बाहेरच होता.

"पाय आत घे," मी म्हणाले. त्याने घेतला, आणि मी हळूच दार लावलं.